जबड्यातल्या दोन विहिरी

पाकीट उघडायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. गुरुवारी दुपारी अकोल्याच्या एक्स-रे सेंटरमधून मी ते भलंमोठं पाकीट काखेत मारून निघालो, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने मला दोनदा बजावलं होतं, "काका, हे मंगळवारी डॉक्टर मॅडमलाच दाखवा. तुम्ही पाहून काही फायदा नाही." तिने हे सांगितलं नसतं तर कदाचित मी पाकीट घरी नेऊन कपाटावर ठेवलं असतं. पण सव्वीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या शेतांचे नकाशे उघडून पाहिले, त्याला स्वतःच्या तोंडाचा नकाशा पाहून काही फायदा नाही म्हणजे काय? मूर्तिजापूर यायच्या आत, गाडीत खिडकीशी बसून, मी पाकीट उघडलं.

मी सूर्यभान. मोजणी खात्यात कारकून. गटाचा नकाशा माझ्यासमोर ठेवा, बांध कुठे सरकला, शेतात जायची पांदण कोणी नांगरून टाकली, विहीर कोणाच्या हिश्शात येते, हे मी चहा निवायच्या आत सांगतो. (कोणी विचारत नाही, हा भाग वेगळा.) त्यामुळे काळ्यापांढऱ्या कागदाला मी सहसा भीत नाही.

फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि माझेच सगळे दात माझ्याकडे बघून हसले. ओठ नाहीत, गाल नाहीत, मिशा नाहीत. समोरच्या बाकावर दर्यापूरकडचे एक म्हातारबुवा बसले होते. ते वाकून म्हणाले, "कोनाचं हाय हे?"

"माझंच."

"मंग तुमी जिते कसे?" असं म्हणून ते गंभीरपणे पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. शुभशकुन म्हणता येईल असं त्या प्रवासात दुसरं काहीच घडलं नाही.

आता दाताचं सांगतो. उजवीकडची खालची दाढ पंधरा दिवस ठणकत होती. बायको, म्हणजे रागिणी, मला धरून अकोल्याला डॉ. तहरीम यांच्याकडे घेऊन गेली. मॅडम वयाने आमच्या मुलीपेक्षा, आचलपेक्षा, फार तर आठ-दहा वर्षांनी मोठ्या, पण आवाज मुख्याध्यापिकेचा. आधी एक फॉर्म भरायचा होता. बीपी, शुगर, ॲलर्जी, आणि त्याखाली छापलं होतं : तंबाखू / खर्रा / गुटखा – हो / नाही. रागिणी माझ्या खांद्यावरून वाचत होती. मी 'नाही'वर असा ठसठशीत गोल केला की पेन कागदाच्या पलीकडे गेलं. मॅडमनी फॉर्म पाहिला, मग माझे दात पाहिले, मग पुन्हा फॉर्म पाहिला.

"आणखी उघडा तोंड, काका."

"दुखते."

"बरं. सूज आहे म्हणून दुखत असेल. पाच दिवस गोळ्या घ्या, पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढा आणि मंगळवारी या. सेहेचाळीस नंबरचा दात गेलाय असं वाटतं."

बत्तीस दातांच्या माणसाला सेहेचाळीस नंबरचा दात कुठून आला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. ज्याने खोटा फॉर्म भरलाय त्याने फार प्रश्न विचारू नयेत.

खोटा होता तो. चार वर्षांपूर्वी रिद्धपूरला, सासूबाई गोदाबाईंच्या डोळ्यांदेखत, मी खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, सोडल्याची शपथ घेतली होती. आमच्या सासरची माणसं महानुभाव पंथाची, शब्दाला फार जपणारी. मीही जपलो. पूर्ण एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी ऑफिसमागच्या टपरीवर गेलो आणि ती खर्र्याची प्लॅस्टिकची पन्नी, तिला गुंडाळलेलं ते लहानसं रबर, सगळं पुन्हा खिशात आलं. घरी जाताना चूळ, वर बडीशेप, आणि चेहऱ्यावर निर्व्यसनी माणसाची शांतता. चार वर्षं हे मी इतकं बिनचूक केलं की कधीकधी माझा स्वतःचाही विश्वास बसायचा.

तर शुक्रवारी मी ती फिल्म घेऊन ऑफिसात गेलो. आमच्याकडे जुनं ट्रेसिंगचं टेबल आहे. वर जाड काच, खाली बल्ब. आता सगळं कॉम्प्युटरवर आलं, त्यामुळे त्या टेबलावर डबे ठेवतात. पण बल्ब चालू आहे, आणि त्या टेबलाचा शेवटचा जाणकार, आमचा अनुरेखक वाहेदभाई, अजून निवृत्त व्हायचा आहे. मी डबे बाजूला केले, फिल्म काचेवर ठेवली, बटण दाबलं.

वाहेदभाईने चष्मा पुसला. "या अल्ला. हे कोनतं गाव हाय?"

"माझं तोंड हाय."

"मंग मोठा इलाका हाय." तो वाकला. "डॉक्टर काय म्हनली?"

"सेहेचाळीस नंबर."

वाहेदभाईचा चेहरा उजळला. "अरे भाऊ, सोपं हाय. तोंडाचे चार गट. चौथ्या गटातला सहावा पोटहिस्सा. चारचा सहा!" त्याने बोटाने मोजलं, आणि खरंच, मधून सहावी दाढ माझी ठणकणारी निघाली. डॉक्टरकीचं अर्धं शिक्षण आम्ही दोन मिनिटांत संपवलं याचा मला इतका अभिमान वाटला की मी पुढे बघायलाच नको होतं.

पण वाहेदभाईने ट्रेसिंग पेपर काढला. जुनी सवय. काचेवर काही ठेवलं की त्याला ते उतरवून काढल्याशिवाय चैन पडत नाही. त्याने दातांच्या हद्दी आखल्या, मुळं आखली, पांढरं दिसेल तिथे 'पक्के बांधकाम' असं लिहिलं (ती माझी जुनी चांदी भरलेली दाढ होती), आणि मग त्याची पेन्सिल खालच्या जबड्याच्या हाडात शिरली.

"हे पाय भाऊ, इथून एक पांदण निंगाली. मांगून येऊन राह्यली, दाढेच्या मुळाखालून. दोन्ही बाजूनं रेघ, मंधात काळं."

"कुठं जाते?"

पेन्सिल सरकत गेली आणि थांबली. पांदणीच्या टोकाला, पुढच्या दाढांच्या मुळांखाली, एक काळा गोल होता. व्यवस्थित. वाटोळा.

नकाशावर गोल म्हणजे काय हे आमच्या खात्यात नव्या माणसालाही सांगावं लागत नाही. गोल म्हणजे विहीर.

"हाडात भोक हाय," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण फार लांबून आला.

वाहेदभाईने पेन्सिल दुसऱ्या बाजूला नेली. तिकडेही पांदण. तिकडेही, त्याच जागी, विहीर.

"इकडून तिकडं पाझरलं," मी म्हणालो.

मग आम्ही दोघेही ज्याचं नाव घेत नव्हतो त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. देवमनबाबू. आमचे मोठे बाबू. माझ्याच टपरीवरचं गिऱ्हाईक, माझ्या आधी दहा वर्षांपासूनचं. मागच्या वर्षी त्यांच्या जबड्यात गाठ निघाली. नागपूरला अर्धा जबडा काढला. नंतर एकदा ऑफिसात येऊन गेले तेव्हा गळ्याभोवती रुमाल होता आणि ते नळीने ताक पीत होते. बोललेलं कळत नव्हतं, म्हणून त्यांनी आवक रजिस्टरच्या मागे लिहून दाखवलं : 'भाकर खावी वाटते.' वैशाखात गेले. मी खांदा दिला. आणि आता खरं सांगायला बसलोच आहे तर हेही सांगतो, स्मशानातून परत येताना मी टपरीवर थांबलो होतो. मन थाऱ्यावर नव्हतं म्हणून.

"देवमनबाबूलेबी पयले एक दाढच दुखत होती," वाहेदभाई हळूच म्हणाला. मग त्याने तो ट्रेसिंग पेपर घडी करून माझ्या खिशात ठेवला. "घरी सांग भाऊ. लपवू नको."

मी घाबरलो. विनोदी कथेत शोभेल असा नव्हे, साधा, खराखुरा घाबरलो. आणि घाबरलेला माणूस काय करतो? त्या संध्याकाळी मी दोन खर्रे खाल्ले. एक नेहमीचा आणि एक शेवटचा.

शनिवारी मी घरात संतासारखा वागलो. पंखा पुसला. आचलला बारावीच्या अभ्यासाबद्दल न विचारता नुसतं डोक्यावरून हात फिरवला, त्यावर ती आईला म्हणाली, "बाबाले ताप हाय काय?" संध्याकाळी दोघींना घेऊन चौकात गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खायला गेलो. म्हटलं, निदान एवढी आठवण तर राहील. पण तिथेही नशीब आडवं आलं. पहिलीच पुरी तोंडात जाईना. गेली काही वर्षं हे गुपचुपवाले पुऱ्या उगाच मोठ्या करत चालले आहेत, यावर माझी ठाम मतं आहेत आणि मी ती मांडली.

"साहेब, बारा वर्सं झाले, एकाच वाटीनं पुऱ्या कापतो," तो म्हणाला.

"मंग वाटी मोठी झाली असंन!"

मी पुरी फोडून, तुकडे करून खाल्ली, पाणी चमच्याने प्यायलो. आचल एकामागून एक अख्ख्या पुऱ्या गालात घालत होती. रागिणी खात नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

रविवारी जेवताना मी सांगितलं. आचल मैत्रिणीकडे गेली होती. ताटात वांग्याची भाजी होती. मी घास खाली ठेवला आणि ट्रेसिंग पेपर ताटाशेजारी पसरला. "रागिणी, हा गोल पाय. अन् हा गोल. हे हाडातले भोकं हायेत."

तिने पदराला हात पुसले आणि वाकून पाहिलं. "काहून झाले?"

आता इथे मी दोन दिवस पाठ केलेलं भाषण होतं. मानवी दुर्बलता वगैरे. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हणालो, "म्या खर्रा सोडला नोता. चार वर्सं लपून खाल्ला. रिद्धपूरची शपथ मोडली. तुले फसवलं म्या." आणि मला रडू आलं. पन्नाशीतला माणूस वांग्याच्या भाजीसमोर रडताना कसा दिसतो ते मला माहीत नाही, पण कोणी पाहू नये.

रागिणी उठली. मला वाटलं, ती माहेरी निघाली. ती ओट्याकडे गेली, खालचा खण ओढून काढला आणि तसाच आणून माझ्यासमोर ठेवला. खण रबरांनी भरला होता. लाल, पिवळी, हिरवी. लहान लहान. गुंतून एकजीव झालेली.

"चार वर्सात आपल्या घरी रबर इकत आनल्याचं आठवते तुमाले?" तिने विचारलं.

मला आठवेना.

"मसाल्याच्या पुड्याले रबर लागते. दुधाच्या पिशवीले लागते. आचलची वेणी, कोथिंबिरीची जुडी. सारं या रबरावर चालते. रोज तुमचा पँट धुवाले घेतला का खिशातून दोन निंगते. कधी तीन. देवमनबाबू गेले त्या दिवशी चार निंगाले." तिने गुंत्यातून एक लाल रबर सुटं केलं. "मले पयल्या मयन्यातच समजलं होतं."

"मंग बोलली काहून नाई?"

"पयल्या वर्सी बोलत होती. तुमी बडीशेप चघळत 'मी कायले खातो' म्हनत होते. मंग म्या बोलनं सोडलं अन् रबर ठेवनं सुरू केलं. म्हटलं, एक दिवस खिशात काही निंगनार नाई. रोज पाहून राहिली." ती खाली बसली आणि माझ्या ताटातली गार झालेली भाकर उचलून तिने गरम वाढली. "खा. मंगळवारी मी येतो संग."

मला चार वर्षांत कोणी इतकं मारलं नव्हतं.

मंगळवारी डॉ. तहरीम यांनी फिल्म भिंतीवरच्या दिव्यावर लावली. मी उभा राहिलो, खिशातून ट्रेसिंग पेपर काढला आणि खरं ऐकायला तयार आहे, काही लपवू नका, असं सांगून दोन्ही विहिरी दाखवल्या. मॅडम नकाशा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या.

"हा कोणी काढला?"

"आमच्या ऑफिसातला वाहेदभाई."

"कमाल आहे. कॉलेजात आम्हाला इतका साफ काढता येत नव्हता." त्यांनी पेनने फिल्मवर दाखवलं. "ही तुमची पांदण म्हणजे नसेचा रस्ता. खालच्या दातांची नस हाडातून जाते. आणि या विहिरी म्हणजे ती नस हनुवटीकडे बाहेर पडते ती जागा. काका, ही भोकं जन्मापासून असतात. मलाही दोन आहेत, काकूंनाही दोन आहेत. दोन्हीकडे सारखी दिसली तेव्हाच तुम्हाला शंका यायला हवी होती."

"म्हंजे रोग नाई?"

"विहिरीत काही नाही. तुमचा रोग इथे आहे," त्यांनी माझ्या सेहेचाळीस नंबरच्या दाढेच्या कुशीतला एक बारीकसा काळा खळगा दाखवला. खसखशीच्या दाण्याएवढा. आम्ही दोन तज्ज्ञांनी तो नकाशावर घेतलाच नव्हता. "कीड मुळापर्यंत गेलीय. रूट कॅनाल करू. ठणका थांबेल."

मी खुर्चीत बसल्या बसल्या तरुण झालो. जन्मापासूनच्या भोकांसाठी मी रडलो होतो! रागिणीकडे वळून मी म्हणालोसुद्धा, "पाय, म्या म्हनत होतो न, काही नसन." (म्हणालो नव्हतो.) कबुली जरा घाईत दिली गेली, एवढी एक रुखरुख मनात डोकावली, तेही सांगून टाकतो.

"मॅडम," रागिणी म्हणाली, "त्या फार्मात यायनं खोटं लेयलं. खर्रा खाते. रोज."

"मला माहीत आहे, काकू. दात सांगतात." मॅडमनी हातमोजे चढवले. "काका, आता सूज उतरलीय. उघडा तोंड."

मी उघडलं.

"आणखी."

"एवढंच उघडते."

"तुमचीच तीन बोटं घ्या. अशी, उभी, एकावर एक. दातांमध्ये घाला."

दोन गेली. तिसरं गेलं नाही. मी म्हणालो, माझी बोटं जाड आहेत. मॅडम हसल्या नाहीत. रागिणी हळू आवाजात म्हणाली, "गुपचुप जात नाई यायच्या तोंडात. तीन वर्सं झाले. गुपचुपवाल्यासंग भांडते."

मॅडमनी आरसा घालून माझ्या उजव्या गालाच्या आत पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग दिव्यावरची ती फिल्म काढून पाकिटात घातली.

"काका, एक्स-रेत हाड दिसतं, दात दिसतात. गाल दिसत नाही. चार दिवस तुम्ही जिथे शोधत होता तिथे काहीच नव्हतं. गाल आतून दोरीसारखा ताठ झालाय आणि इथे एक पांढरा चट्टा आहे. तांदळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

ही जागा आमच्या नकाशात नव्हतीच. रागिणीने माझा हात धरला होता. याआधी सार्वजनिक ठिकाणी तिने कधी माझा हात धरल्याचं मला आठवत नाही.

रिपोर्ट यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांवर विनोद करायचा मी बराच प्रयत्न केला, जमला नाही. टपरीवर गेलो नाही. जावंसं वाटत होतं, रोज. हात आपोआप खिशात जायचा. वाहेदभाई दुपारी मला मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने चहाला न्यायचा आणि वाटेत पावसापाण्यावर बोलायचा. बाराव्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "कॅन्सर नाही. पण त्याच्याच वाटेवर आहात. खर्रा पुन्हा लावला तर मी काही करू शकणार नाही. दर तीन महिन्यांनी यायचं. आणि तोंड आता पहिल्यासारखं उघडणार नाही, जेवढं उरलंय तेवढं राखायचं."

ते राखायची रीत अशी, की आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये घालायच्या, रोज तीनदा, आणि आठ-पंधरा दिवसांनी एक वाढवायची. काड्या सुटू नयेत म्हणून रबर लावायचं. रागिणीने खणातलं लाल रबर काढून लावलं, माझ्याकडे न बघता.

दोन महिने गेले. एकदा सकाळी मी काड्या तोंडात घेऊन बसलो असताना ती स्वयंपाकघरातून आली आणि तिने खण माझ्यासमोर उलटा केला. एकही रबर पडलं नाही.

"संपले," ती म्हणाली.

दुधाच्या पिशव्यांनी, मसाल्याच्या पुड्यांनी, आचलच्या वेण्यांनी चार वर्षांचा साठा खाऊन टाकला होता, आणि दोन महिने नवा माल आला नव्हता. माझ्या चांगुलपणाचा याहून पक्का पुरावा कोणत्या कचेरीत मिळाला असता? मी तसाच चप्पल घालून दुकानात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा रबराचं पॅकेट विकत आणलं. वाटेत दोघांना कारण नसताना दाखवलंसुद्धा. घरी येऊन ते रागिणीच्या हातात दिलं, पुन्हा काड्या तोंडात घातल्या, आणि ती आता काय म्हणते याची वाट बघत बसलो.

तिने पॅकेट उजेडात धरून आतली रबरं पाहिली. मग तिचे डोळे भरून आले.

"इतके रबर तर तुमी मयन्याभरात खिशातून आनत होते," ती म्हणाली. "अठ्ठेचाळीस मयने."

तोंडात सतरा काड्या होत्या. मला उत्तर देता आलं नाही.